जांभ्याच्या गावात हे परके दगड कुठून आले? जुन्या कबरींचे दगड ओळखायला मदत हवी

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दाभोळच्या खाडीच्या उत्तर काठावर आहे. गावाचं जुनं कबरस्तान सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या माळाच्या, उतारावर. दरवर्षी पावसाळ्याआधी जमातीची पोरं तिथली झाडी साफ करतात. यंदा घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढली, तेव्हा वरच्या अंगाचा एक पट्टा उघडा झाला. आमच्या वडीलधाऱ्यांनीही तो नीट पाहिलेला नव्हता.

बहुतेक कबरी जांभ्याच्या आहेत. चिरे रचलेले, वर नाव नाही की साल नाही. पण त्यांच्यात तीन दगड अगदी वेगळे आहेत. एक सायीच्या रंगाचा उभा दगड, हातभर उंच, वर कमान आणि पुढच्या बाजूला उठावाची अरबी अक्षरं. साल अर्धवट वाचता येतं, पण हिजरीचं तेरावं शतक नक्की आहे. याच्या मागच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडाला, बारीक खड्ड्यांची जाळी पडली आहे. दुसरा काळा, जड, त्यात पांढरे ठिपके. तिसरा पातळ काळपट फरशीसारखा, दोन तुकडे झालेला, अक्षरं जवळजवळ गेलेली.

गावात कोणी म्हणतं सगळं संगमरवर आहे, कोणी म्हणतं अरबस्तानातून आलं. जमातीच्या अध्यक्षचाचांना कबरस्तानाची एक नोंदवही करायची आहे: कुठली कबर, काय लिहिलंय, दगड कोणता. आमच्याकडे जुनी दफ्तरं उरलेली नाहीत. ही माणसं कोण होती, कुठे जात-येत होती, याचा एवढाच पुरावा शिल्लक आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, दगड ओळखायची सुरुवात कुठून करू?

कातळसडा

फार मोलाचं काम हातात घेतलं आहे तुम्ही. मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो आणि उघड्यावर कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडाचं हेच वर्णन केलं होतं. पण त्याच्या अंगात भोकं आणि गाठी असतात, त्यामुळे बारीक अक्षर त्यावर टिकत नाही. म्हणून सड्यावरच्या गावात जिथे जिथे कोरलेला लेख दिसतो, तिथे दगड बहुतेक बाहेरून आणलेला असतो, निदान खालच्या ओढ्यातून किंवा पलीकडच्या डोंगरातून तरी. कोणीतरी तो निवडला, त्याचे पैसे मोजले, होडीत घालून आणला. त्यामुळे ‘परका दगड’ ही कोकणातल्या लेखी कबरींची रीतच आहे. फक्त किती लांबचा, एवढाच प्रश्न उरतो.

आता तुमचा सायीच्या रंगाचा दगड. नुसत्या वर्णनावरून सांगणार नाही, कारण कोकणात पांढरट दिसणाऱ्या निदान पाच गोष्टी कबरींवर सापडू शकतात.

पहिली म्हणजे दगडच नव्हे, तर जांभ्यावर केलेला चुन्याचा घोटीव गिलावा. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे, तो वर्षानुवर्षं घट्ट राहतो. कुठे पोपडा सुटला असेल तर आतून तांबडं दिसेल. बोटाच्या पेरानं हलकेच वाजवलं तर सुटलेली जागा पोकळ वाजते.

खरा संगमरवर असेल तर ताज्या फुटीवर स्फटिकांचे चमकणारे कण एकमेकांत घट्ट अडकलेले दिसतील, खडीसाखर फोडल्यावर दिसतात तसे. पोरबंदरी दगड असेल तर भिंगातून गोल गोल कण दिसतील. ते समुद्री जिवांच्या कवचांचे झिजलेले कण असतात, चुन्यानं एकमेकांना चिकटलेले. आपल्या किनाऱ्यावर भरतीच्या पट्ट्यात तयार होणारा, करळ म्हणतात तो दगडही चुन्याचाच, पण त्यात शिंपल्याचे तुकडे आणि वाळू नुसत्या डोळ्यांना दिसते, पोत ओबडधोबड असतो. आणि पाचवा पांढरा गारेचा दगड, म्हणजे क्वार्टझाइट. तो सिंधुदुर्गाच्या बाजूला भरपूर. चाकूनं ओरखडा उठत नाही, चुन्याचा अंशही नसतो.

तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, साधं घड्याळजीचं चालेल. आणि कबरीवर काहीही घासू नका, टोचू नका, ओतू नका. जमातीची परवानगी घेऊन पायथ्याशी मातीत आपोआप गळून पडलेले कण तेवढे वेचा आणि सगळी तपासणी त्यांच्यावर करा.

नाखवा

छान धागा! माझ्या मते हा पोर्तुगीजांचा दगड असणार. गलबत स्थिर राहावं म्हणून तळाशी दगड भरून आणायचे आणि इथे उतरवून मसाल्याचा माल भरायचे. लिस्बनचा पांढरा दगड असाच ब्राझीलपर्यंत गेलाय.

कातळसडा

नाखवा, लिस्बनच्या दगडाची गोष्ट खरी आहे. त्याला लिओझ म्हणतात. पण तो ओळखायला सोपा असतो: घट्ट चुनखडी, बऱ्याचदा गुलाबी झाक, आणि कापलेल्या बाजूवर जुन्या शिंपल्यांचे मोठे वळसे दिसतात. खाडीकाठ यांचा दगड जाळी पडण्याइतका सच्छिद्र आहे. शिवाय दाभोळ पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस जाळलं होतं आणि ही कबर त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, किंवा त्याहूनही उशिरा झालेली आहे. तेराव्या हिजरी शतकाची सुरुवात १७८६ मध्ये होते आणि शेवट १८८३ मध्ये. त्या काळात दाभोळच्या माणसाचा व्यवहार मुंबईशी आणि गुजरातच्या बंदरांशी होता. आधी तिकडे पाहायला हवं.

वसईची वेस

पोर्तुगीज थडगी पाहायची असतील तर वसईच्या किल्ल्यात या. पडक्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेखांच्या आणि घराण्यांच्या चिन्हांच्या फरश्या आहेत. पण गंमत अशी, की त्या काळी वसईला नुसता बाहेरून दगड येत नव्हता, वसईहून बाहेर दगड जात होता. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च जांभ्याचं आहे, पण त्याच्या दर्शनी भागाला लावलेला कोरीव दगड वसईहून समुद्रमार्गे गेलेला आहे. चांगला घडीव दगड ज्यांच्याकडे होता, त्यांची निर्यात होती. गोव्यापासून वसईपर्यंत मधल्या कुठल्याही बंदरात जुना घडीव दगड दिसला तर ही शक्यता मनात ठेवावी.

स्वच्छ कोकण

अक्षरं वाचता येत नसतील तर संडास धुवायचं ॲसिड पाण्यात मिसळून तारेच्या ब्रशने घासा. दोन मिनिटांत चकाचक होतं, आम्ही आमच्या गावच्या दीपमाळेवर केलंय.

कातळसडा

कृपया असं करू नका आणि कोणाला सांगूही नका. दगड चुन्याचा असेल तर ॲसिडनं त्याचा वरचा थर विरघळतो, आणि तो वरचा थर म्हणजेच अक्षरं. दगड काळा असला तरी ॲसिडमधले क्षार छिद्रांत राहतात, पाऊस गेला की त्यांचे स्फटिक होतात आणि आतून पापुद्रे सुटतात. खाऱ्या वाऱ्यानं दगडाचं जे नुकसान शंभर वर्षांत होतं ते तुम्ही एका दुपारी करता. तारेच्या ब्रशचे लोखंडी कण राहतात, ते गंजून डाग पडतात. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. दगडफूल घट्ट चिकटलं असेल तर तसंच राहू द्या.

अक्षरं वाचायला प्रकाश वापरा. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला समांतर धरा. दिवसा आरशानं ऊन आडवं पाडलं तरी तेच. दिवसाउजेडी सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उठून येतात. खडू, पीठ, राख भरून फोटो काढणारेही पुष्कळ आहेत, तेही टाळावं.

मांडवी बंदर

गुजरातची बाजू निघाली म्हणून लिहितो, हा माझा आवडीचा विषय आहे. थडग्याच्या दगडाचा समुद्री व्यापार पश्चिम किनाऱ्यावर फार जुना. चौदाव्या-पंधराव्या शतकात खंभातला संगमरवरी कबरींचे दगड कोरून परदेशी पाठवणारे कारागीर होते. खंभातमध्येच १३३३ साली वारलेल्या उमर अल-काझरूनी या व्यापाऱ्याची तशी कबर आहे. तिथले दगड सुमात्रातल्या समुद्र-पासाई या राज्यापर्यंत गेले, जावातल्या ग्रेसिकला १४१९ सालच्या मलिक इब्राहिम यांच्या कबरीवर आहेत, पलीकडे अरबस्तानात धोफारला आणि आफ्रिकेत किल्वालाही. कमानीच्या कोनाड्यात टांगलेला दिवा ही त्यांची ठळक खूण. म्हणजे आपल्याकडून पूर्वेला आणि पश्चिमेला माणसाच्या शेवटच्या निशाणीचा दगड जहाजातून जात होता.

खाडीकाठ, तुमच्या दगडावर दिवा आहे का? तुमचा काळ त्याहून खूप अलीकडचा आहे हे कळतंय, पण नक्षीच्या परंपरा लांब टिकतात.

छिन्नी हातोडा

आमचं घराणं पाथरवटाचं, राजापूरकडचं. आजोबांनी मूर्ती केल्या, वडिलांनी जाती-पाटे आणि देवळांच्या पायऱ्या. मला दगडाची शास्त्रीय नावं सांगता येणार नाहीत, हत्याराची खूण सांगतो.

पहिलं, अक्षर उठावाचं आहे की खोदीव ते बघा. खोदीव अक्षर कठीण दगडातही करतात. उठावाच्या अक्षरासाठी आजूबाजूची सगळी जमीन खाली न्यावी लागते, ते काम मऊ दगडात जास्त परवडतं. चुन्याचा दगड खाणीतून निघाल्यावर ओला असेतो मऊ असतो, त्यामुळे तो बहुतेक खाणीजवळ किंवा पेठेतच कोरून होतो. तुमच्या गावात दगड आला तेव्हा त्यावर अक्षरं होतीच असं मला वाटतं.

दुसरं, मागची बाजू आणि मातीत पुरलेला भाग बघा. पुढची बाजू सगळेच घोटतात. मागे टाकीचे घाव तसेच राहतात. सरळ लांब घाव, दातेरी टाकीचे समांतर चरे, नुसते टोच्याचे खड्डे, हे सगळं वेगळ्या हाताचं काम. करवतीनं कापलेल्या फरशीची मागची बाजू सपाट, एकसारख्या रेघांची. तशी दिसली तर काळ अलीकडे ओढायचा. पण त्यासाठी दगड उकरून काढू नका. कडेला जेवढा दिसतो तेवढाच बघा.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कालच अध्यक्षचाचा आणि मी दोघं भिंग घेऊन गेलो होतो.

सायीच्या दगडाच्या पायथ्याशी मातीत चिमूटभर कण मिळाले. भिंगातून पाहिले तर बारीक, गोल, फिकट पिवळसर दाणे. शिंपल्याचा मोठा तुकडा एकही नाही, चमकणारे स्फटिक नाहीत. घरी बशीत ठेवून लिंबाचा रस टाकला, बुडबुडे आले. उघड्या फुटीवर पाण्याचा एक थेंब ठेवला तर लगेच शोषला गेला. दिवा नाही, मांडवी बंदर. कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेक वेल आहे. अक्षरं सगळी उठावाची.

काळ्या दगडाचे ठिपके गोल आणि लांबट आहेत, वाटाण्याएवढे. काही रिकामे, आत बारीक सुया दिसतात.

कातळसडा

उत्तम. पहिला पोरबंदरी, असं म्हणायला माझी हरकत नाही. गोल कण, फिकट पिवळा रंग, चुना, सच्छिद्रपणा, सगळं जुळतं. हा दगड काठेवाडच्या किनाऱ्यावरचा. एकोणिसाव्या शतकात तो मुंबईच्या बांधकामांसाठी गलबतांनी येत होता. खाऱ्या हवेत त्याला जाळी पडते, तीही तुमच्याकडे वाऱ्याच्या बाजूलाच पडली आहे. समुद्राचं मीठ छिद्रांत शिरतं, सुकताना त्याचे स्फटिक वाढतात आणि कण सुटतात. म्हणून मागची बाजू झिजली आणि पुढची अक्षरं वाचली. ज्यानं कबर बसवली त्यानं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवलं, हे तुमचं नशीब.

काळा दगड इथलाच. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्यात झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. सुया म्हणजे त्यांचेच स्फटिक. वाशिष्ठीच्या खोऱ्यात असा कातळ पाहिजे तेवढा. ठिपके गोल नसून पट्टीसारखे चपटे, बोटाच्या पेराएवढे लांब आणि चांदणीसारखे जुळलेले असते, तर मी चकित झालो असतो. तशा मोठ्या स्फटिकांचे थर जुन्नर, थळघाट या बाजूला आहेत, तुमच्याकडे नाहीत. नोंदवहीत ठिपक्याचा आकार लिहाच.

मुरुड किनारा

काळ्या दगडाबद्दल आमच्याकडची भर. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला कातळात उभ्या भिंतींसारखे काळे पट्टे दिसतात. लाव्हाच्या भेगांत खालून घुसून गोठलेले. यातला दगड बारीक कणांचा आणि घट्ट असतो, कोरीवकामाला चांगला. काही पट्ट्यांत मात्र खोल पोटातून वर आलेले हिरवट आणि करड्या दगडांचे तुकडे रुतलेले आहेत, भूशास्त्राचे अभ्यासक ते पाहायला लांबून येतात. असा ‘दगडात दगड’ एखाद्या जुन्या कबरीवर दिसला तर माणसं तो परदेशी समजतील, आणि तो निघायचा दोन हाकेच्या अंतरावरचा.

कातळसडा

अगदी बरोबर. लांबचा दगड म्हणण्याआधी जवळची ओहोटी पाहून यावी.

आणि उलटही घडतं. कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक १६९३ मध्ये वारला, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्यावरचा काळसर दगड दोनशे वर्षं लोक बघत होते. १८९३ मध्ये भूशास्त्रज्ञ टी. एच. हॉलंड यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दगड मद्रासजवळच्या पल्लावरम भागातला निघाला. त्या जातीच्या खडकाला त्यांनी चार्नोकाइट हे नाव दिलं, आणि आज जगभर तेच चालतं. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगडच नाही, म्हणून मद्रासहून समुद्रातून आणला. तुमच्या सड्यावर कोरण्याजोगा दगड नाही, म्हणून काठेवाडहून. दोन्हीकडे कारण एकच.

वेंगुर्लेकर सडा

दक्षिणेकडच्या लोकांसाठी: मालवण-वेंगुर्ल्याकडे हे ठोकताळे बदलतात. आमच्याकडे लाव्हाचा पसारा संपतो आणि त्याच्याखालचे फार जुने खडक वर येतात. पांढरी गार, ग्रॅनाइटसारखा पट्ट्यांचा दगड, रेडीला लोखंडाचा खडक. जुन्या वीरगळांत हिरवट, हाताला साबणासारखा लागणारा मऊ दगड दिसतो. नखानं ओरखडा उठतो, म्हणून कोणी ‘बघतो जरा’ म्हणून नख लावू नये. आमच्याकडे हिरवा दगड दिसला तर तो स्थानिक किंवा गोव्याकडचा असण्याचीच शक्यता जास्त. दाभोळला तोच दिसला तर मात्र बहुधा समुद्रातून आलेला.

नवगावची वाट

अलिबागकडून एक प्रश्न. आमच्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) दफनभूमीत पांढऱ्या फरशीवर वर हिब्रू, खाली मराठी असा लेख आहे. काही अक्षरं काळी, काही ठिकाणी नुसतीच छोटी भोकं राहिली आहेत. हे तोडफोडीचं आहे का?

छिन्नी हातोडा

नाही ताई, ती शिशाची अक्षरं. संगमरवरात अक्षर खोदायचं, त्यात बारीक भोकं पाडायची आणि शिसं ठोकून भरायचं. संगमरवर पावसानं झिजत जातो, शिसं सैल होऊन गळतं, भोकं राहतात. भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. आडवा उजेड टाकून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे अजून गळली तरी लेख हातात राहील.

खाडीकाठ

तिसऱ्या दगडाचं राहिलंच होतं. पातळ काळपट फरशी, कडेला थर सुटल्यासारखे. गळलेल्या कपचीवर लिंबानं अगदी थोडे बुडबुडे आले. मागची बाजू सपाट आहे, करवतीच्या रेघा दिसतात.

कातळसडा

पाटीचा दगड असता तर बुडबुडे आले नसते. काळा, थरांचा, चुन्याचा अंश असलेला, करवतीनं कापलेला, म्हणजे आंध्रातला कडप्पा असणं सगळ्यात संभवनीय. आपल्याकडे ओटे आणि फडताळांसाठी येतो तोच. नोंदवहीत ‘बहुधा कडप्पा’ असंच लिहा, बहुधा खोडू नका.

एक लक्षात घ्या. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी तुमच्याकडे जड माल घाटातून उतरायचा नाहीतर मुंबईहून पाण्यानं यायचा. त्यामुळे आंध्रातला दगडसुद्धा दाभोळला बहुतेक मुंबईच्या धक्क्यावरूनच आला असणार. नकाशावरचं अंतर पाहून अंदाज बांधू नका, गलबतं आणि आगबोटी कुठून येत होत्या ते पाहा.

खाडीकाठ

समजलं. नोंदवहीत आता प्रत्येक कबरीला हे रकाने केले आहेत: दगडाचा रंग कोरडा आणि ओला, कणांचा आकार, लिंबाचा परिणाम (फक्त गळलेल्या कणांवर), अक्षर उठावाचं की खोदीव, मागच्या बाजूचे घाव, तोंड कुठल्या दिशेला, आणि ओळख किती खात्रीची. बिननावाच्या जांभ्याच्या कबरींनाही त्यात जागा आहे. चाचांचा आग्रह होता की ज्यांना बाहेरचा दगड परवडला नाही तेही आपलेच.

चाचांना एक आठवलं. त्यांच्या आजीच्या माहेरची माणसं पोरबंदरच्या बाजूला फतेमारीवर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, तांडेल होती. सायीच्या दगडाची कबर त्यांच्याच घराण्याची आहे की नाही ते लेख पूर्ण वाचल्यावर कळेल. अरबी-फारसी वाचणारे कोणी इथे असतील तर आडव्या उजेडातले फोटो टाकतो. दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द आम्हाला ‘नाखुदा’ (जहाजाचा कप्तान) वाटतोय, पण खात्री नाही.

मांडवी बंदर

फोटो टाका, मी वाचतो. तो शब्द ‘नाखुदा’ असेल तर त्याच्या लगेच पुढे बापाचं नाव यायला हवं. ती ओळ शक्य तेवढी जवळून घ्या, आणि उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.